ओढ्याच्या अलीकडचा पाळणा

मथुराबाई दुकानात आल्या की आधी कापड उलटं करायच्या. खण असो, पोलक्याचा तुकडा असो, मी कसुती घातलेला पदर असो. सुलटी बाजू आधी बघणं त्यांना ठाऊकच नव्हतं. कसुती म्हणजे आमच्या धारवाडकडचा धागे मोजून घालायचा कशिदा. त्यात गाठ मारत नाहीत, आणि हात चांगला असेल तर पुढून दिसते तशीच मागून दिसते. बाई चष्मा कपाळावर चढवायच्या, कापडाची मागची बाजू डोळ्यांना टेकेल इतकी जवळ न्यायच्या आणि म्हणायच्या, "हां, इथं मात्र दमली होतीस तू."

आणि खरंच, तिथं मी दमलेली असायची. एकदा तर म्हणाल्या, "इथं भांडून आली होतीस." तेही खरं होतं. जावेशी.

माझं दुकान हुबळीत, दाजीबानपेठेत. दोरे, खण, लेस, हुक, बटणं. शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन दोऱ्याच्या गुंड्या ज्या कागदांत बांधून यायच्या त्या कागदांवर केलं. म्हणून मी बोलते तशीच लिहिते, आणि बोलते फार. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या या बोलण्याचं पुढं काम आहे.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी "बर्री, कुंदर्री," म्हणून स्टूल पुढं केलं. बसल्या नाहीत. "आलेखाचा कागद आहे का?" कसुतीची नक्षी आम्ही आधी चौकटीच्या कागदावर काढतो, म्हणून मी तो ठेवायची.

"किती देऊ?"

"डोंगर मावेल एवढे."

मी म्हटलं, आली एक डोकं फिरलेली. पण वरून हसून विचारलं, "कुठला डोंगर हो?"

"अळणावरच्या पुढचा. वटवाघळांचा नकाशा करतेय."

"अय्यो! आणि हे काम कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी सांगितलं नाही, म्हणून तर करतेय."

धारवाडच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल आणि चित्रकला शिकवून त्या निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. कमरीपेठेत दीड खोली, एक शेगडी आणि भिंतभर कागद. आठवड्यातून दोनदा सकाळच्या पॅसेंजरनं अळणावर गाठायचं आणि तिथून पुढं चालत सुटायचं. कुठल्या वडावर मोठी वटवाघळं लटकतात, कुठल्या पुलाखालच्या फटीत बारक्या पाकोळ्या, म्हणजे चिमणीएवढी वटवाघळं, राहतात, कुठली विहीर, कुठली गुहा, कुठल्या महिन्यात किती. सगळं पावलांनी मोजायचं. कागदावरचं एक घर म्हणजे शंभर पावलं. त्यांची पावलं, माझी नव्हेत. माझी दीडशे झाली असती.

"हे कशाला पण?" मी विचारलं.

"डोंगर वाचवायला निघालेल्या लोकांना वाघ ठाऊक असतो, चंदन ठाऊक असतं. पण फळं खाऊन बिया रानभर कोण टाकतं? भातावरचे किडे कोण खातं? ज्याचा पत्ताच कुणाजवळ नाही त्याला वाचवणार कसं?"

पत्ता. हा शब्द त्या दिवशी मला फार आवडला होता.

त्यांना माझा हात हवा होता. त्या कच्चा नकाशा पेन्सिलीनं आणायच्या, मी शाईनं पक्का उतरवायची. खुणा त्यांनी कसुतीतल्याच घेतल्या. झाडावरच्या वस्तीला तुळशीवृंदावन, पुलाला शिडी, विहिरीला चौकट, गुहेला कमळ. टॉर्चवर बांधायला लाल खणाचा तुकडा माझ्याकडूनच नेला. पांढऱ्या उजेडानं ती बिचारी घाबरतात म्हणे, लालाचं त्यांना विशेष काही वाटत नाही.

बाईंचं एक वाक्य होतं. "मोजलंस का?" भाचीच्या लग्नाहून आले आणि म्हटलं, "बाई, लई माणसं होती!" तर लगेच, "मोजलीस का?"

"मी वाढत होते हो."

"मग पानं मोजायचीस. मोजलं नाही तर लई म्हणू नये."

दुर्गदबैलच्या बाजारातली भाजीवालीसुद्धा त्यांना बघून ओरडायची, "आल्या मोजणाऱ्या अक्कोर! घ्या, कोथिंबिरीच्या काड्या मोजून घ्या!" अक्कोर म्हणजे इकडं कन्नडमधे मास्तरीण. बाई म्हणायच्या, "काड्या नको, पेंड्या मोज. मागच्या खेपेला एक कमी होती."

वटवाघळं त्या चिंचोक्यांनी मोजायच्या. मी दोन बटवे शिवून दिले होते, काळा आणि लाल. संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी बसायचं, काळा बटवा उजव्या मांडीवर भरलेला, लाल डाव्या मांडीवर रिकामा. दहा वटवाघळं बाहेर पडली की एक चिंचोका काळ्यातून लालमध्ये. नजर वरून काढायची नाही, हात आपला आपण चालतो. शेवटी लाल बटव्यातले चिंचोके मोजले की झालं.

त्यांच्या घरामागं एक पिंपळ होता आणि पिंपळाखाली शेजारच्या वकीलसाहेबांची पांढरी गाडी. वटवाघळांनी त्या गाडीवर रोज रांगोळी घालायची आणि वकीलसाहेबांनी रोज बाईंच्या दारात यायचं. "बाई, अपशकून आहे हा. शिवाय रोग पसरतात. फांद्या उतरवतो मी."

"काल किती होती?" बाईंनी विचारलं.

"काय किती?"

"वटवाघळं. तक्रार करताय ना? अर्जात आकडा लागेल."

आकडा वकीलसाहेबांकडं नव्हता. संध्याकाळी बाईंनी त्यांना खुर्ची आणि बटवे देऊन गच्चीवर बसवलं. दुसऱ्या दिवशी आकडा पटेना म्हणून परत बसले. तिसऱ्या दिवशी नातवंडं घेऊन. महिन्याभरानं माझ्या दुकानात येऊन हळूच विचारतात, "पद्माअक्का, तो बटवा मलाही एक शिवून मिळेल का?" गाडी तेव्हापासून गल्लीच्या तोंडाशी लागायला लागली.

आता वीणाचं सांगते.

बाई शिकवत असताना एकदा वर्गात एक पाकोळी शिरली. चाळीस मुली बाकांखाली. एकटी वीणा उभी राहिली. बाईंनी फळा पुसायच्या फडक्यात ती पाकोळी अलगद धरली आणि विचारलं, "हात कोण पुढं करतंय?" वीणानं ओंजळ पुढं केली. बाईंनी फडक्यासकट तो एवढासा धडधडणारा जीव तिच्या ओंजळीत ठेवला. "बाई, हिचं काळीज माझ्या बोटांना लागतंय," एवढंच ती म्हणाली. ही गोष्ट बाईंनी मला किमान वीस वेळा सांगितली असेल. हो, मी मोजलं नाही. पण दर वेळी सांगताना त्या स्वतःची ओंजळ पुढं करायच्या.

आणि आता गंगव्वा. अळणावरच्या पुढं रानाच्या कडेला एक वाडी आहे. नाव सांगत नाही, पुष्कळ सांगून झालंय आधीच. गंगव्वा तिथली म्हातारी. भाताची रोपं लावणारी, गावातल्या बाळंतिणींचं करणारी. त्या वाडीला डोंगरातली एक गुहा ठाऊक होती. उन्हाळ्यात रानातल्या पाकोळ्यांच्या माद्या पिल्लं घालायला तिथं जमायच्या. वाडीची माणसं तिला गुहा म्हणत नसत, 'बाळंतिणीची खोली' म्हणत. बाळंतिणीच्या खोलीचे जे नियम तेच तिचे. पिल्लं असताना कुणी आत जायचं नाही, दिवा न्यायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, परक्या माणसाला दाखवायची नाही. सुगी झाल्यावर एक दिवस, एका घरानं, पाळीनं आत जायचं आणि खाली साठलेलं खत उचलायचं. तेही अनवाणी.

बाई तीन वर्षं त्या वाडीत जात होत्या, तरी कुणी त्यांना खोलीबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. चौथ्या वर्षी गंगव्वाच आपण होऊन म्हणाली, "चला अक्कोर. तुम्ही हळू बोलताय."

दुसऱ्या खेपेला बाई मला घेऊन गेल्या. गंगव्वा मला बघून म्हणाली, "ह्या कोण? ह्या गप बसतील काय?"

"बसतील," बाई म्हणाल्या. "मी जामीन."

वाडीतून निघालो, करवंदीच्या रानातनं उतरलो, ओढा लागला. लुगडी वर खोचून ओढ्यातनं पलीकडं. गुडघाभर पाणी, माझी एक चप्पल गेली. पलीकडं थोडं चढल्यावर कुसुंबाचं झाड, आणि त्याच्या मागं कातळात एक तोंड, माणूस वाकून जाईल एवढं. गंगव्वानं ओठांवर बोट ठेवलं. आम्ही तिघी बसलो. ऊन गेलं आणि चुलीतला धूर वाऱ्यानं ओढून न्यावा तशा त्या बाहेर पडायला लागल्या. बाईंचा हात काळ्यातून लालमध्ये, काळ्यातून लालमध्ये. तासभर मी एक अक्षर बोलले नाही. माझ्या जन्मातला तो सगळ्यात मोठा अबोला. दुसरा एक सोडला तर.

परत वाडीत आल्यावर गंगव्वानं गूळपाणी दिलं. मग मुठीत आणलेली खोलीच्या दाराची माती बाईंच्या पदराच्या टोकाला ठेवली आणि गच्च गाठ मारली. "आमची खोली कागदावर घालू नकासा. ही गाठ हाय तवर तुमचा शब्द हाय."

बाईंनी पदराचं ते टोक कापून घेतलं आणि तेव्हापासून ती गाठ पिशवीत बाळगली. मला म्हणाल्या, "सगळा डोंगर हिरवा रंगवू. खूण नाही घालायची." मी तसंच केलं.

मग खूप वर्षांनी वीणा आली. मोठी झालेली, बंगळूरला शिकलेली, डोंगररानं राखायचे आराखडे करणाऱ्या कुठल्याशा संस्थेत. बाईंच्या दीड खोलीत जमिनीवर बसून शेंगाचटणी-भाकरी जेवली. माझ्या दुकानात दोघी आल्या तेव्हा मला वाकून नमस्कार केला, "पद्मामावशी, तुमच्या हाताचं कौतुक बाई पत्रातनं लिहायच्या." गोड मुलगी. अजूनही मला तिचा चेहरा आठवला की आधी गोडच आठवतो, मग राग येतो.

तिनं सगळे नकाशे पाहिले आणि त्या हिरव्या डोंगरावर बोट ठेवलं. "बाई, असा पट्टा रंगवून कुणी ऐकत नाही. शेजारच्या टेकडीवर खडीची खाण येतेय. सुरुंग लागले तर तुमची खोली पहिली हादरेल. मला नेमकी जागा द्या, मी तिच्याभोवती रेघ मारून घेते. वाडीत मला कुणी दाखवेना."

"गंगव्वाला शब्द दिलाय मी."

"कागद बंद फाइलीत राहील. माझा शब्द घ्या."

"तुझा?" बाई हसल्या. "तुझ्या ओंजळीत मी जीव ठेवलाय, शब्दाचं काय घेऊन बसलीस."

आठ दिवसांनी बाई कच्चा नकाशा घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं, ऑपरेशन होतं. "जसाच्या तसा उतरव. खोलीला पाळणा घातलाय. वीणा इथूनच घेऊन जाईल." आणि गेल्या. त्या दिवशी कापडही उलटं केलं नाही.

मी कागद पसरला आणि चरकले. पाळणा ओढ्याच्या अलीकडं होता! अलीकडं तर नुसती करवंदीची जाळी. माझी चप्पल त्या ओढ्यातनं वाहून गेलीय हो, मला ओढा चुकेल? घरं मोजली. चार घरांचा फरक. चारशे पावलं. मनात म्हटलं, डोळ्यानं दगा दिला बाईंना. मुलींच्या चुका काढण्यात जन्म गेला, आणि आता स्वतःच मोजायला चुकल्या.

विचारायला जावं असं वाटलं. पण डोळ्यावर पट्टी बांधून पडलेल्या माणसाला काय सांगायचं, तुमचं मोजणं चुकलं म्हणून? बाईंना? जिवाला लागून राहिलं असतं त्यांच्या. कसुतीत एक धागा सरकला तर मी रात्रीचं जेवण सोडून उसवणारी बाई. इथं चार घरं. मी पाळणा ओढ्याच्या पलीकडं, कुसुंबाच्या झाडामागं, जिथं होता तिथं घातला. सुंदर घातला. वर माझा नेहमीचा राघू बसवला; माझ्या प्रत्येक पाळण्यावर राघू असतो, ती माझी खूण. कच्चा कागद फाडून टाकला, बाईंच्या दृष्टीला नको पडायला. वीणा आली, पक्का घेऊन गेली.

आणि मी गप्प बसले. हाच तो दुसरा अबोला. सगळ्या दाजीबानपेठेला जिचं तोंड ठाऊक, ती मी, बाईंना लाज वाटू नये म्हणून एक शब्द बोलले नाही.

खाण थांबली. ती बातमी घेऊन बाई गिरमिट, म्हणजे आमच्याकडचे मसाल्याचे चुरमुरे, आणि मिरचीभजी बांधून दुकानात आल्या. "घे. तुझ्या हातानं डोंगर वाचला." तेव्हाही ओठांवर आलं होतं. मी मिरचीचा तुकडा तोंडात कोंबला आणि गिळलं.

पुढच्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक बाई मुलांना घेऊन खण घ्यायला आली. तिच्या हातात गुळगुळीत रंगीत कागद. "पद्माअक्का, ही बघा की, तुमच्या पदरावरची नक्षी ह्यांनी छापलीय." कन्नडमधे वर मोठ्या अक्षरात, सुट्टीत या, वटवाघळांची गुहा पाहा. राहायची सोय, गाडीची सोय. खाली नकाशा. नकाशात पाळणा. पाळण्यावर राघू.

माझाच राघू. आणि अगदी खाली बारीक अक्षरात, नकाशा: मथुराबाई, हुबळी.

तो कागद मी लपवणार होते, पण दुपारीच बाई आल्या. त्यांच्या हातात तसलाच कागद, वकीलसाहेबांनी दिलेला. स्टुलावर बसल्या. पहिल्यांदाच न सांगता बसल्या. भिंग काढलं. नव्या डोळ्यानं बराच वेळ बघत राहिल्या.

"पद्मा, हा ओढ्याच्या पलीकडं कसा गेला?"

"म्हणजे?"

"मी अलीकडं घातला होता."

"चुकून घातला होता बाई तुम्ही. चार घरं. मी नीट केला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मला तोवर काहीच कळलं नव्हतं. मी आपली सांगत सुटलेली, ओढा कसा, चप्पल कशी, घरं कशी मोजली.

"सुरुंगाला चार घरं काय, आठ घरं काय," बाई हळूच म्हणाल्या. "रेघ दोन्ही बाजूंना पुरली असती. माणसाला मात्र करवंदीशिवाय काही सापडलं नसतं. गंगव्वाचाही शब्द राहिला असता, वीणाचंही काम झालं असतं."

"मला का नाही सांगितलंत?"

उत्तर माझं मलाच ठाऊक होतं. माझं तोंड. बारा वर्षं माझ्या कापडाची मागची बाजू वाचणाऱ्या बाईंनी मला एवढं ओळखलं होतं, आणि एवढंच ओळखलं होतं. मी त्यांचं एक गुपित पोटात ठेवू शकले असते हो. ठेवलंच होतं की, सहा महिने, भलतंच गुपित.

"चांगलं मोजलंस," त्या म्हणाल्या. रागानं नाही. रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझ्याच फोनवरून त्यांनी वीणाला लावलं. मी आवाज मोठा करून दिला. वीणा म्हणाली, "बाई, मी कुणाला दिला नाही. फाइल वर गेली, तिथून पर्यटनवाल्यांकडं गेली. मी तरी काय करणार? आणि खाण तर थांबली ना? डोंगर वाचला ना बाई?"

"डोंगर वाचला. खोली गेली."

"लोकांनी बघितल्याशिवाय लोकांना प्रेम कसं वाटेल, बाई? आणि तुमचं नाव मीच आग्रहानं घालायला लावलं."

म्हणजे तिला ठाऊक होतं. कागद छापून यायच्या आधी ठाऊक होतं. फाइल आपोआप वर गेली म्हणणाऱ्या मुलीनं नाव घालायला मात्र आग्रह धरला होता. बाईंनी फोन माझ्या हातात दिला. स्वतःची ओंजळ समोर धरून एकदा बघितली आणि पदराला पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही दोघी गेलो. वाडीच्या फाट्यावर बाणाची पाटी, त्यावर माझा पाळणा हातभर मोठा. ओढ्यावर लाकडी साकव. मला उगीच वाटलं, हा आधी असता तर माझी चप्पल गेली नसती, आणि मी कदाचित ओढा विसरूनही गेले असते. पलीकडं कुसुंबाच्या बुंध्याला दिव्यांची माळ गुंडाळलेली. गुहेच्या तोंडाशी पाकिटांच्या चांद्या, आतून पोराटोरांच्या आरोळ्या. आपलाच आवाज परत येतो याची मजा. आणि ते दिवस पिल्लांचे.

गंगव्वा दारात बसली होती. उठली नाही. सुनेला म्हणाली, "पाणी दे." पाणी आलं. गूळ आला नाही.

तिच्या पुढ्यात सूप होतं. त्यावर फडकं. ते फडकं तिनं आमच्यासाठी काढलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. "सकाळी झाडून आनलं," एवढंच म्हणाली. "खाली पडल्याली. आया उठून गेल्या, ही ऱ्हायली." मग बाईंकडं बघितलं. "तुमचं नाव वाचून दावलं पोरांनी. अक्कोर, माझी गाठ द्या."

बाईंनी पिशवीतून ते पदराचं टोक काढलं आणि गाठ सोडायला लागल्या. सुटेना. इतक्या वर्षांनी ती दगडासारखी झालेली. शेवटी मी माझ्या पोलक्याला टोचलेली सुई काढली आणि कसुतीत जन्मभर एक गाठ न मारलेल्या माझ्या हातांनी ती गाठ उसवली. चिमूटभर माती. बाईंनी ती गंगव्वाच्या तळहातावर ठेवली.

मला राहवेना. "गंगव्वा, ह्यांनी नाही, ते मी..."

"साक, पद्मा," बाई म्हणाल्या. साक म्हणजे पुरे. इतक्या ठामपणे त्या वर्गातसुद्धा कधी बोलल्या नसतील. "शब्द माझा होता."

गंगव्वा माती घेऊन आत गेली. दार लावलं नाही तिनं. नुसती आत गेली.

बाई त्यानंतर हुबळीला राहायला परतल्या नाहीत. अळणावरला एक खोली घेतली. आया परत येतात का बघायचं, म्हणाल्या. मी जाईन जाईन म्हणत राहिले. त्या बोलावतील म्हणून थांबले. बहुतेक मी न बोलावता येईन म्हणून त्या थांबल्या असतील. पुढच्या थंडीत वकीलसाहेबांनी दुकानात येऊन सांगितलं, बाई गेल्या. काळा बटवा आणि लाल बटवा त्यांच्या पिशवीत होते, म्हणाले. मी आत काय होतं ते विचारलं नाही.

गंगव्वा अजून आहे. तिला वाचता येत नाही. तिच्या वाडीतलं कुणी हे वाचत असेल तर एवढं करा, तिला वाचून दाखवा. अक्कोरनी पाळणा ओढ्याच्या अलीकडं घातला होता. पलीकडं नेला तो दाजीबानपेठेतल्या पद्मानं.

बाई मला शेवटच्या दिसल्या त्या गंगव्वाची गाठ सोडली त्याच दिवशी. मला संध्याकाळची गाडी गाठायची होती. "तू जा, मी थांबते," म्हणाल्या आणि साकवाच्या अलीकडं, करवंदीच्या जाळीशी, एका धोंड्यावर बसल्या. सुट्टीची गर्दी गाड्यांत बसून निघून गेली होती. ऊन उतरलेलं. काळा बटवा उजव्या मांडीवर, लाल डाव्या मांडीवर, नजर पलीकडच्या कुसुंबाच्या वर. वळणावर जाऊन मी मागं वळून बघितलं. त्यांचा हात काळ्या बटव्यात गेला, एक चिंचोका घेऊन वर आला आणि तसाच थांबला. मी उभी राहिले. तिकडं गाडीची वेळ होत आलेली. बराच वेळ तो हात तसाच होता. मग त्यांनी तो चिंचोका परत काळ्यातच टाकला. दहा झाल्या नसाव्यात.